फळा सगळ्यांचा, दप्तर ज्याचं त्याचं

दोस्तांनो, आज आपण पायथन या भाषेतल्या 'क्लास'ची ओळख करून घेणार आहोत. थांबा, थांबा! क्लास म्हटल्याबरोबर तोंडं वाकडी करू नका. हा संध्याकाळचा शिकवणीचा क्लास नव्हे. याला ना फी, ना गृहपाठ. (गृहपाठ आहे, पण तो अगदी शेवटी, आणि तोही गमतीचा!)

पण आधी एक गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे आणि ती आमच्याच घरातली आहे.

माझी भाची नववीत शिकते. मागच्या वर्षी त्यांच्या वर्गाची सहल रायगडावर जायची ठरली. वर्गात मुलं चाळीस आणि सहलीची वर्गणी माणशी ६०० रुपये. सगळ्यांना एकदम भरणं जमायचं नाही, म्हणून बाईंनी हप्त्यांची सवलत दिली. कुणी २०० भरणार, कुणी १५०, तर कुणी एकदम ६००. हिशेब ठेवायचं काम भाचीनं आपणहून अंगावर घेतलं. ती नुकतीच पायथन शिकायला लागली होती ना! वही कशाला, मी प्रोग्रॅमच लिहिते, असा तिचा थाट.

रात्री जागून तिनं प्रोग्रॅम लिहिला आणि तपासूनही पाहिला. एक खातं उघडलं, त्यात २०० रुपये भरले. प्रोग्रॅमनं सांगितलं, २०० भरले, ४०० बाकी. एकदम बरोबर! स्वारी खुशीत झोपली.

दुसऱ्या दिवशी अकरा मुलांनी मिळून ३,४०० रुपये आणले. भाचीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर ते नोंदवले आणि शाळेच्या संगणकावर यादी काढली. चाळीस रोल नंबर आणि चाळिसांपुढे एकच शेरा, 'पूर्ण भरले'! बाईंनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "अगं बाई, एका दिवसात सगळ्यांनी भरलेसुद्धा? मग आजच एस.टी.ची गाडी ठरवून टाकू."

तेवढ्यात मागच्या बाकावरून रोल नंबर १२ उठून आला. भाचीच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "अगं, माझ्या नावापुढे भरले असं आलंय. पण मी अजून एक रुपयाही दिलेला नाही. बाबांचा पगार झाला की देणार आहे."

भाचीच्या पोटात धस्स झालं. डब्यात होते ३,४०० रुपये आणि प्रोग्रॅम म्हणत होता, चाळीस जणांचे मिळून २४,००० जमले! त्या पोरानं तोंड उघडलं नसतं तर गाडी ठरली असती आणि २०,६०० रुपयांचा खड्डा पडला असता. कुणीतरी म्हणालं, "संगणकानंच घोळ घातला." संध्याकाळी मला फोन आला, "मामा, संगणक चुकतो का रे?"

संगणकाची चूक नव्हती. चुकली होती एक ओळ. तीसुद्धा चुकीची नव्हती, फक्त चुकीच्या जागी लिहिलेली होती. ती ओळ सापडली म्हणजे आजचा धडा समजला असं समजा. चला तर!

क्लास म्हणजे काय?

समजा, भाचीला चाळीस मुलांचा हिशेब क्लास न वापरता ठेवायचा आहे. मग चाळीस नावं, चाळीस याद्या आणि चाळीस बेरजा. एकाचे पैसे दुसऱ्याच्या यादीत कधी गेले ते कळणारही नाही. त्याऐवजी आपण संगणकाला एकदाच समजावून सांगायचं, "बाबा रे, 'खाते' नावाची एक चीज असते. तिला कोणत्या गोष्टी ठाऊक असतात आणि तिला कोणती कामं येतात, ते ऐकून ठेव." या समजावून सांगण्यालाच म्हणतात क्लास. मराठी पुस्तकांत त्याला 'वर्ग' म्हणतात, आणि आपल्याला हा शब्द फार उपयोगी पडणार आहे.

एकदा क्लास लिहिला की त्यावरून हवी तेवढी खाती उघडता येतात. अशा प्रत्येक खात्याला म्हणायचं ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू. क्लास एक, वस्तू चाळीस. नववीचा वर्ग एक आणि त्यात मुलं चाळीस, तसंच.

प्रत्येक वस्तूकडे दोन गोष्टी असतात. एक म्हणजे तिची माहिती. खात्याला आपला रोल नंबर ठाऊक असतो, आपले हप्ते ठाऊक असतात. दुसरी म्हणजे तिला येणारी कामं. पैसे भरून घेणं, एकूण सांगणं, बाकी सांगणं. या कामांना म्हणतात मेथड. माहिती आणि काम एकाच ठिकाणी बांधून ठेवायचं, एवढीच सारी मख्खी आहे.

भाचीचा प्रोग्रॅम

आता भाचीनं लिहिलेला प्रोग्रॅम पाहू. नेहमीसारखं सगळं देवनागरीत छापलंय. पण टाइप करताना एक लक्षात ठेवा. पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजी लिपीतच लिहावे लागतात. त्यांची स्पेलिंगं अशी:

क्लास: सी, एल, ए, एस, एस
डेफ: डी, ई, एफ
सेल्फ: एस, ई, एल, एफ
इनिट: आय, एन, आय, टी (आधी दोन आणि नंतर दोन अंडरस्कोअर)
ॲपेंड: ए, पी, पी, ई, एन, डी
रिटर्न: आर, ई, टी, यू, आर, एन
सम: एस, यू, एम
प्रिंट: पी, आर, आय, एन, टी

ही सगळी अक्षरं लहान लिपीतली. प्रोग्रॅममधले आकडेही इंग्रजीच टाइप करायचे. मात्र खाते, हप्ते, भर, बाकी ही आपण ठेवलेली नावं आहेत. ती देवनागरीत लिहिली तरी पायथन ३ ला चालतात! पायथनची ही तिसरी आवृत्ती २००८ साली आली, तेव्हापासून ही सोय आहे. मराठी कळफलक नसेल तर तीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, काही बिघडत नाही.

क्लास खाते:
    शुल्क = ६००
    हप्ते = []

    डेफ __इनिट__(सेल्फ, रोल):
        सेल्फ.रोल = रोल

    डेफ भर(सेल्फ, रक्कम):
        सेल्फ.हप्ते.ॲपेंड(रक्कम)

    डेफ एकूण(सेल्फ):
        रिटर्न सम(सेल्फ.हप्ते)

    डेफ बाकी(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.शुल्क - सेल्फ.एकूण()

ओळींच्या आधी सोडलेली जागा शोभेची नाही बरं का! कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे पायथनला त्या जागेवरूनच कळतं. एक पायरी आत म्हणजे चार स्पेस.

एकेक ओळ समजून घेऊ. शुल्क म्हणजे सहलीची वर्गणी, ६०० रुपये. हप्त्यांपुढचे रिकामे चौकोनी कंस म्हणजे रिकामी यादी. तिच्यात हप्ते एकापुढे एक जमा होणार. 'डेफ' म्हणजे "आता एक काम शिकवतो, लक्ष दे." 'भर' हे काम यादीच्या शेवटी रक्कम जोडतं, ॲपेंड म्हणजे शेवटी जोडणं. 'एकूण' हे काम सगळ्या हप्त्यांची बेरीज करून परत देतं. आणि 'बाकी' वर्गणीतून ती बेरीज वजा करतं.

'__इनिट__' हे विशेष काम आहे. ते आपण कधी हाक मारून बोलवत नाही. नवं खातं उघडलं की पायथन ते आपोआप करतो. शाळेत नवा मुलगा आला की त्याचं नाव पटावर चढवतात ना? तसा हा खात्याचा प्रवेशाचा दिवस.

हा 'सेल्फ' कोण?

नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळतो तो हा सेल्फ. प्रत्येक ओळीत आपला हजर! पण तो अगदी साधा आहे. बाई वर्गात म्हणतात, "वह्या काढा." हुकूम एकच, पण चाळीस मुलं काय करतात? प्रत्येक जण *आपल्या* दप्तरात हात घालतो आणि *आपली* वही काढतो. हे 'आपलं' म्हणजेच सेल्फ. क्लासमध्ये काम एकदाच लिहिलेलं असतं. ते ज्या खात्याला सांगू, ते खातं त्या वेळेपुरतं 'सेल्फ' होतं.

आता खाती उघडून पाहू.

सात = खाते(७)
अकरा = खाते(११)
बारा = खाते(१२)

सात.भर(२००)
अकरा.भर(१५०)

प्रिंट(सात.एकूण())
प्रिंट(अकरा.एकूण())
प्रिंट(बारा.एकूण())

'सात.भर(२००)' हे वाचायचं कसं? "सात नंबरच्या खात्या, २०० रुपये भरून घे." आधी कुणाला सांगायचं ते, मग टिंब, मग काय करायचं ते, आणि कंसात किती ते. प्रिंट म्हणजे पडद्यावर दाखव.

पडद्यावर काय यायला हवं? सातचे २००, अकराचे १५० आणि बाराचे शून्य. आणि येतं काय?

३५०
३५०
३५०

बिचाऱ्या बारानं काहीच भरलेलं नाही, तरी त्याच्या नावावर ३५०! भाचीच्या यादीत हेच झालं होतं. अकरा जणांचे ३,४०० रुपये चाळिसांच्याही नावावर दिसत होते. ३,४०० हे ६०० पेक्षा जास्त, म्हणून सगळ्यांपुढे शेरा पडला, 'पूर्ण भरले'.

पुढे वाचण्याआधी वरचा प्रोग्रॅम पुन्हा एकदा नजरेखालून घाला. चुकीच्या जागी असलेली ओळ सापडते का बघा.

फळा आणि दप्तर

सापडली? ती ओळ म्हणजे 'हप्ते = []'.

बघा हं. तुमच्या वर्गात लिहायच्या दोन जागा असतात. एक भिंतीवरचा फळा. तो साऱ्या वर्गाचा मिळून एकच. त्यावर जे लिहू ते सगळ्यांना दिसतं. दुसरी जागा म्हणजे ज्याच्या त्याच्या दप्तरातली वही. ती ज्याची त्याचीच.

क्लासचंही तसंच आहे. क्लासमध्ये सुरुवातीलाच, कोणत्याही डेफच्या बाहेर जे लिहितो ते फळ्यावर जातं. ते फक्त एकदाच लिहिलं जातं, चाळीस वेळा नाही. आणि '__इनिट__'मध्ये 'सेल्फ' लावून जे लिहितो ते प्रवेशाच्या दिवशी त्या एका खात्याच्या दप्तरात जातं. चाळीस खाती उघडली की ते काम चाळीस वेळा होतं, चाळीस वेगळ्या दप्तरांत.

भाचीनं रिकामी यादी फळ्यावर लिहिली होती. म्हणजे यादी झाली एकच. आता सात नंबर म्हणाला, "माझ्या हप्त्यांत २०० जोड." पायथननं सातचं दप्तर उघडलं. त्यात हप्त्यांची यादी नव्हती. मग त्यानं फळ्याकडे पाहिलं. तिथे यादी होती, म्हणून तिथेच २०० लिहिले. अकराचंही तेच झालं. बारानं एकूण विचारलं तेव्हा त्याचंही दप्तर रिकामंच, म्हणून त्यालाही फळ्यावरचीच बेरीज ऐकवली.

पायथनचा नियम पाठ करून टाका: आधी दप्तर, मग फळा. वस्तूला काही विचारलं की पायथन आधी तिच्या दप्तरात शोधतो. तिथे नसेल तरच फळा बघतो.

मग इलाज काय? ती ओळ फळ्यावरून पुसायची आणि दप्तरात लिहायची. एवढंच!

क्लास खाते:
    शुल्क = ६००

    डेफ __इनिट__(सेल्फ, रोल):
        सेल्फ.रोल = रोल
        सेल्फ.हप्ते = []

खालची तिन्ही कामं होती तशीच राहू द्या. पुन्हा तीच तीन खाती उघडा, तेच पैसे भरा आणि एकूण विचारा. आता पडद्यावर येईल २००, १५० आणि ०. बाकी विचारली तर येईल ४००, ४५० आणि ६००. झाला की नाही हिशेब चोख?

मग शुल्क फळ्यावर का राहू दिलं? कारण ते खरोखरच सगळ्यांचं एक आहे. उद्या गाडीभाडं वाढलं आणि वर्गणी ६५० झाली, तर 'खाते.शुल्क = ६५०' अशी एकच ओळ लिहायची. चाळिसांची बाकी आपोआप बदलेल. तेच शुल्क चाळीस दप्तरांत लिहून ठेवलं असतं, तर चाळीस जागी बदलत बसावं लागलं असतं आणि एखादी जागा हमखास राहून गेली असती.

म्हणून क्लास लिहायला बसलात की प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न विचारा: तू सगळ्यांची आहेस की एकाची? सगळ्यांची असेल तर फळ्यावर. एकाची असेल तर दप्तरात.

दुसऱ्याच्या दप्तरात हात घालू नये

आणखी एक चांगली सवय. कुणी असंही लिहू शकेल:

सात.हप्ते.ॲपेंड(-५००)

म्हणजे 'भर' हे काम बाजूला ठेवून थेट सातच्या दप्तरात हात घालायचा आणि उणे ५०० लिहून टाकायचं! पायथन याला आडकाठी करत नाही. पण सगळीकडून 'सात.भर(...)' असंच सांगायचं ठरवलं, तर पहारा एकाच दारावर ठेवला की झालं:

    डेफ भर(सेल्फ, रक्कम):
        इफ रक्कम <= ०:
            प्रिंट(रक्कम)
            रिटर्न
        सेल्फ.हप्ते.ॲपेंड(रक्कम)

इफ (आय, एफ) म्हणजे 'जर'. रक्कम शून्य किंवा त्याहून कमी असेल तर ती चुकीची रक्कम पडद्यावर दाखव आणि तिथूनच माघारी फीर. एरवी यादीत जोड. वस्तूला काम सांगावं, तिच्या दप्तराशी आपण खेळू नये. पायथन लिहिणारे लोक एक खूणही पाळतात. ज्या नावाच्या सुरुवातीला एक अंडरस्कोअर असेल, ते आतलं, खाजगी. त्याला बाहेरून कुलूप नसतं. नुसती समजूतदारपणाची पाटी असते, 'कृपया हात लावू नये'.

ही कल्पना सुचली कुणाला?

क्लास आणि ऑब्जेक्ट या जोडगोळीचा जन्म नॉर्वेतला. ओस्लो शहरातल्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड हे दोघं काम करत होते. रांगा कशा लागतात, कुठे तुंबतात, अशा गोष्टींची नक्कल संगणकावर करून पाहायची, हा त्यांचा उद्योग. रांगेतलं प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं, पण सगळ्यांचं वागणं एका नमुन्याचं. मग नमुना एकदाच लिहावा आणि गिऱ्हाइकं हवी तेवढी करावीत! यातून त्यांची सिम्युला ही भाषा तयार झाली आणि १९६७च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. २००१ साली या दोघांना संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढची गोष्ट तर तुमच्यासारख्या मुलांचीच आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी, झेरॉक्स कंपनीची एक संशोधन संस्था होती. तिथे ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक नावाची भाषा तयार केली. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे शब्द रूढ केले ते के यांनीच. ही भाषा मुलांना जमली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, म्हणून शाळेतली मुलं तिथे येऊन बसायची.

त्यांना शिकवायला ॲडेल गोल्डबर्ग यांनी एक झकास युक्ती काढली. पडद्यावर एक चौकोन आणायचा आणि त्याचं नाव ठेवायचं जो. "जो, वळ" म्हटलं की चौकोन तिरपा व्हायचा. "जो, मोठा हो" म्हटलं की वाढायचा. मग तशाच नमुन्याचा दुसरा चौकोन आणायचा. त्याचं नाव जिल. आता "जिल, वळ" म्हटलं तर जिलच वळायची, जो जागचा हलायचा नाही. नमुना एक, हुकूम एक, पण प्रत्येकाचा आकार आणि तिरपेपणा ज्याचा त्याचा. म्हणजे आपलं दप्तरच की हो!

आपली पायथन त्या मानानं धाकटी. नेदरलँड्समधल्या खिडो फान रोसुम यांनी १९८९च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली ती लोकांसाठी खुली केली. हे नाव अजगरावरून नाही बरं का! ब्रिटनमधल्या मॉन्टी पायथन या विनोदी दूरदर्शन कार्यक्रमावरून आहे.

पण आदल्या रात्री कळलं का नाही?

हा प्रश्न भाचीनंही विचारला. "मामा, मी तपासलं होतं रे! २०० भरले, २०० दिसले." अगदी खरं. पण तिनं एकच खातं उघडून पाहिलं होतं. वर्गात एकच मुलगा असेल, तर फळ्यावर लिहिलं काय आणि वहीत लिहिलं काय, फरक कळणार कसा? दुसरा मुलगा आला की कळतं.

म्हणून क्लास तपासताना कमीत कमी तीन वस्तू करा. दोघींना वेगवेगळं काम सांगा आणि तिसरीला काहीच सांगू नका. मग तिघींनाही विचारा. काहीच न करणारी ती तिसरी वस्तू पुष्कळदा सगळ्यात जास्त सांगून जाते. आमच्या गोष्टीतला रोल नंबर १२ आठवतोय ना? त्यानं काहीच भरलं नव्हतं, म्हणून तर चूक उघड झाली. आणि तो प्रामाणिकपणे उठून आला, म्हणून ती वेळेवर उघड झाली. असा मित्र कोणत्याही प्रोग्रॅमला मिळावा!

भाचीनं दुसऱ्या दिवशी बाईंना स्वतःच जाऊन सगळं सांगितलं. अकरा जणांची नावं आणि रकमा तिनं एका कागदावर टिपून ठेवल्या होत्या, त्यावरून हिशेब पुन्हा भरला. बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "प्रोग्रॅम चालू राहू दे, पण सहल होईपर्यंत तो कागदही जपून ठेव." सहल झाली. बाराही आला, त्याचे पूर्ण ६०० भरून.

डोक्याला खुराक

१. बरोबर केलेला प्रोग्रॅम घ्या. सातनं २०० आणि अकरानं १५० भरले आहेत, बारानं काही नाही. सातला शाळेनं सवलत दिली, म्हणून आपण लिहिलं 'सात.शुल्क = ४००'. नंतर गाडीभाडं वाढलं, म्हणून लिहिलं 'खाते.शुल्क = ६५०'. आता तिघांची बाकी किती? संगणकाला विचारण्याआधी कागदावर काढा. (उत्तर खाली आहे, पण फसवायचं नाही हं!)

२. क्रिकेटच्या सामन्यासाठी 'फलंदाज' नावाचा क्लास लिहायचा आहे. संघाचं नाव, धावा, खेळलेले चेंडू, सामन्याची षटकं, बाद झाला की नाही, यातलं फळ्यावर काय जाईल आणि दप्तरात काय? घरात वाद घालून ठरवा.

आई-बाबांसाठी दोन ओळी

मुलं प्रोग्रॅम दाखवायला आली की "चालतो का?" एवढंच विचारू नका. "याला काय ठाऊक आहे? याला काय येतं? आणि दोघांनी वापरला तर काय होईल?" असं विचारा. तुम्हाला पायथन येत नसली तरी चालेल. उत्तर देता देता मुलांना त्यांची चूक आपोआप दिसते. आणि चूक सापडली तर शाबासकी द्या, कारण सापडलेली चूक सांगायला जरा धीर लागतो.

कोड्याचं उत्तर: सात २००, अकरा ५००, बारा ६५०. सातच्या दप्तरात त्याचं स्वतःचं शुल्क ४०० लिहिलेलं आहे, म्हणून पायथन फळ्याकडे बघतच नाही. बाकी दोघांच्या दप्तरात शुल्क नाही, म्हणून त्यांना फळ्यावरचा नवा आकडा लागू होतो. आधी दप्तर, मग फळा!

पुढच्या वेळी एका क्लासवरून दुसरा क्लास कसा बनवायचा ते पाहू. म्हणजे आजोबांचं नाक नातवाकडे कसं येतं, ते! तोवर हाताला सराव ठेवा. अच्छा!